तीन आरशांची तीन मेजं

३ जानेवारी १९८६

सुरतेच्या कापड एजंटाने नव्या वर्षाच्या तीन डायऱ्या दुकानात दिल्या, तिघा भावांना तीन. आमच्या ह्यांनी आपली माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, वाण्याची यादी लिहीत जा. ह्यांचं नाव चन्नप्पा. ते तोंडाने घ्यायचं नसतं, पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या दोन पानांवर मी तूप, गूळ, हिंग लिहून ठेवलं आहे, कुणी उघडलीच तर तेवढंच दिसावं. इथून पुढची पानं माझी.

वही ज्वारीच्या कणगीत ठेवते. कणगीत हात घालायचं काम माझंच. थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे गीताआक्कांना, ज्वारीच्या धुळीने शिंका येतात आणि धाकटी शिवम्मा वर्षापूर्वी आलेली, तिला अजून माप कळत नाही. दुपारी सासूबाई झोपल्या की मी लिहिते. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो, आणि घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात.

अव्वांचा एक कायदा आहे: एकीला एक आणि दुसरीला दुसरं, असं ह्या घरात चालायचं नाही. दुकान कापडाचं, तेव्हा तिघींना एकाच ताग्यातलं लुगडं, एकाच ताग्यातली चोळी. सोनपेठच्या बाजारात मागून आम्हाला कुणी ओळखत नाही. दिवाळीला तिघींचा फोटो काढला. डावीकडे आक्का, उजवीकडे शिवम्मा, मध्ये मी. त्याच्या तीन प्रती काढून तिघींना एकेक दिली.

मला सोनं नको, लुगडं नको. मला एक कुलूप पाहिजे, आणि त्याची किल्ली माझ्याकडे पाहिजे. माझ्या ट्रंकेची कडी लग्नाच्या वर्षीच तुटली. आत आहे काय म्हणा, मॅट्रिकचं प्रमाणपत्र आणि आईची दोन पत्रं. पण माणसाला एक तरी जागा असावी, जिथे दुसऱ्याचा हात जात नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ज्वारीत हात घालून स्वतःची वही शोधायची वेळ यावी, याचा राग येतो.

२१ जानेवारी

डोळे दाखवायला परभणीला गेले होते. एका सुनेला परभणी दाखवली की दुसरीलाही दाखवावी लागते. आक्कांना एसटीत उलट्या होतात, म्हणून शिवम्मा आली. कायद्याचा असाही फायदा असतो.

स्टेशनच्या रस्त्याला मकबूलमियाँचं जुन्या सामानाचं दुकान आहे. हैदराबादेकडच्या देवड्या, म्हणजे नवाबांचे वाडे, मोडले की तिथलं सामान ह्याच्याकडे येतं. तिथे मी ते मेज पाहिलं. काळं शिसवी लाकूड, मधे एक उंच आरसा, दोन्ही बाजूंना बिजागरीवर फिरणारे दोन. खाली तीन खण आणि मधल्या खणाला कुलूप. आरशाच्या कडा काळ्या पडल्यात, पण मधे लख्ख. मी बाजूचा आरसा ओढला आणि मला माझी पाठ दिसली. इतकी वर्षं ती माझ्यामागे आहे आणि आमची ओळख आज झाली. वेणी वाकडी होती.

मकबूलमियाँ म्हणाला, "किसी दुलन का सिंगारमेज है बाई. इसका जोडा नै मिलता, एक घर में एकीच बनता था."

ह्यांनी लाकडावर बोट वाजवून पाहिलं. ह्यांना लाकडातलं काही कळत नाही, पण बोट वाजवलं की दुकानदार वचकतो असं ह्यांना वाटतं. मी त्या खणावरचा हात काढला नाही. ते म्हणाले, अव्वांना विचारू.

शिवम्मा तेवढ्यात बांगड्या भरून येते म्हणून गेली, ती पाऊण तासाने आली. हातात बांगडी एकही नाही. म्हणाली, माप मिळालं नाही. एवढ्या परभणीत हिच्या मनगटाचं माप नाही.

२२ जानेवारी

अव्वांची लिंगपूजा आटोपली तेव्हा ह्यांनी विषय काढला. अव्वा शांतपणे म्हणाल्या, "घ्या की. पर तीन घ्या. आन सारकी घ्या."

ह्यांनी समजावून पाहिलं की जुनी वस्तू सारखी मिळत नसते. तर म्हणाल्या, मग नवी सनमायकाची घ्या. तेव्हा मी आक्कांच्या आडून बोलले की नवी मेजं पाच वर्षांत फुगतात, जुनं शिसवी नातसुनांना पुरेल. टिकाऊ म्हटलं की अव्वा विरघळतात. जुनीच घ्यायचं ठरलं. पण तीन.

मग त्या मला एकटीला म्हणाल्या, "मी ह्या घरात आले तवा माज्या जावंला चांदीचं ताट हुतं आन मला पितळंचं. दहा वर्षं एका पंगतीला बसून जेवले मी. तुमच्यावर त्यी येळ न्हाई आनायची मला."

त्यांचं खोटं नव्हतं. दुष्ट सासू असती तर भांडता तरी आलं असतं.

११ फेब्रुवारी

दुसरं मेज सापडलं, आणि कुठे, तर देवगाव फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. मकबूलमियाँनेच पत्ता दिला होता. हॉटेलवाल्याने त्यावर शेव आणि खारीच्या बरण्या मांडल्या होत्या. गिऱ्हाईक चहा पिता पिता तीन आरशांत स्वतःच्या मिशा बघत होतं. लाकूड आपल्याच मेजासारखं काळं, उंची मात्र चार बोटं कमी. मकबूलमियाँ म्हणतो, खाली पाय जोडून देतो.

परत येताना परभणीत उतरलो तर बाजार बंद. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघालेला, चौकात पोलीस, लोक दाराच्या फटीतून बघत उभे. हे म्हणाले, गपगुमान स्टँडवर बसा. आणि आमची शिवम्मा गायब. तासाने आली, घामाने भिजलेली, पदराखाली पाकीट. एका स्टुडिओवाल्याचं दार अर्धं उघडं होतं म्हणे, तिने फोटो काढून घेतला. मी विचारलं, कशाला? म्हणाली, दिनकररावांना पाहिजे. दिनकर माझा धाकटा दीर, तिचा नवरा. नवरा रोज समोर जेवायला बसतो, त्याला फोटो कशाला, आणि तोही नुसत्या चेहऱ्याचा. नवी नवरी आहे, असतील एकेक हौशी.

ह्यांनी तिला बरंच सुनावलं. ती खाली मान घालून ऐकत होती, पण ओठ हसत होते. मला तिचा थोडा हेवा वाटला. का, ते सांगता येणार नाही.

२ मार्च

तिसरं हैदराबादेहून आलं. आज परभणीला जाऊन तिन्ही एका रांगेत पाहिली. मकबूलमियाँने एकाला पाय जोडले, एकाचं डोकं कापलं, तिन्हींना एकच पॉलिश मारलं. ज्या मेजात मला माझी पाठ दिसली ते ह्यातलं कोणतं, हे आता मलाही ओळखता येईना. तो म्हातारा काम सारखं करून घेतो आणि वर हळहळतो: "तीन दुलनों को एकीच सूरत बना दिया मैंने."

कुलूपंही त्याने जुनी काढून एकाच पेटीतली नवी बसवली. कोणतीही किल्ली कोणत्याही मेजाला लागते, हे लावून दाखवलं. चांगलं का वाईट, त्याला सुचलं नाही आणि ह्यांनाही नाही. मला सुचलं, की असं कुलूप कुणाही एकीचं नसतं, पण इतक्या लांब येऊन पुन्हा खोडा कोण घालणार. किल्ल्या चार होत्या, तीन मेजांच्या तीन आणि एक जादा. जादाची शिवम्माच्या हातात दिली होती. ती पुन्हा बांगड्यांना म्हणून गेली, दीड तासाने रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, किल्ली गर्दीत पडली कुठेतरी. नवल नाही. जी मुलगी तीन वेळा परभणीला जाऊन बांगड्या आणू शकत नाही, ती किल्ली काय सांभाळणार.

१६ मार्च

मेजं आली. आठ माणसं लागली. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. आमच्या खोल्या म्हणजे आठ बाय दहा, त्यात पलंग. मेज ठेवायला एकच भिंत निघाली, खिडकीची. आता खिडकी आरशामागे गेली. आधी त्या खिडकीतून बाजारगल्ली दिसायची, सोमवारी मठात जाणारी माणसं दिसायची, एसटीचा धुरळा दिसायचा. आता तिथे मी दिसते, तीन बाजूंनी. दार अर्धंच उघडतं, आत शिरताना आडवं व्हावं लागतं. दिवसा दिवा लावावा लागतो.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, कारण मुठीत किल्ली होती. पितळेची, करंगळीएवढी. वही आत ठेवायची, कोणत्या कोपऱ्यात ठेवायची, तेही ठरलं होतं.

संध्याकाळी अव्वांनी तिघींना बोलावलं. आपल्या जुडग्याची कडी उघडली आणि हात पुढे केला. "द्या. हरवत्यात." आक्कांनी आपली लगेच दिली. शिवम्माने दिली. मी दिली.

वही पुन्हा ज्वारीत.

१८ मार्च

मीच मागितलं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. स्वतः हिंडून, उंची मोजून, तीन तीन सारखी करून आणली आणि स्वतःची खिडकी बुजवून घेतली. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

३० मार्च

अव्वा सकाळी तिघींचे खण उघडून देतात, कुंकू-पावडर झाली की लावून टाकतात. शाळेत शाई वाटायचे तसं. माझ्या खणात मी फणी आणि काजळाची डबी ठेवली आहे. दुसरं काय ठेवणार.

शिवम्मा अलीकडे फार शहाणी झाली आहे. अव्वांचे पाय चेपते, न सांगता ज्वारी काढायला पुढे होते. मी म्हटलं, कणगी माझ्याकडे राहू दे. तर म्हणते, "ताई, मला बी माप शिकू द्या की." परवा तिच्या माहेरहून शाळेचा दाखला आला. पोस्टमनने तो आक्कांच्या हाती दिला. आक्कांना वाचता येत नाही, त्यांनी तसाच तिला दिला. मी विचारलं तर म्हणाली, सहज मागवला, आठवण म्हणून. हिच्या आठवणीसुद्धा शिक्का मारलेल्या.

आक्कांना मी कधीकधी फाडफाड बोलते. पंचवीस वर्षं अव्वांच्या मागे सावलीसारख्या फिरतात. अव्वांनी डावीकडे मान वळवली की आक्कांची वळलीच. आज त्यांच्या मेजाचे दोन्ही बाजूंचे आरसे कपड्याने झाकलेले पाहिले. म्हणाल्या, एक पुरे, तीन तीन बायका अंगावर येतात.

२१ एप्रिल

शिवम्मा गेली.

पहिल्या एसटीने. दिनकररावांनी स्वतः तिची पेटी स्टँडवर नेली, तिला बसवून दिलं आणि येऊन दुकान उघडलं. नऊ वाजता अव्वांना सांगितलं. परभणीला बालवाडी शिक्षिकांचं तीन महिन्यांचं शिक्षण असतं, तिथेच राहायची सोय, मग आपल्याच भागात नेमणूक. फेब्रुवारीत अर्ज केला, मार्चमध्ये मुलाखत झाली, म्हणजे आम्ही मेजं बघायला गेलो त्याच दिवशी. मी तिथे उभी राहून ऐकत होते. बांगड्या, फोटो, दाखला, सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं आणि मला माझीच लाज वाटली. एवढं बारीक बारीक लिहून ठेवलं आणि दिसलं काहीच नाही.

राग आला. माझ्या मेजाच्या नावावर ही परभणी हिंडली. मी उंच्या मोजत बसले.

अव्वा ओरडल्या नाहीत. किल्ल्या कमरेला घट्ट खोचल्या. मग म्हणाल्या, "एकीनं केलं. आता दोघीवर बंधन आलं." दवाखाना, बाजार, माहेर, सगळं बंद. आक्कांना तेवढा सोमवारचा मठ. घरातून एक बाहेर पडली तर उरलेल्या दोघी आत, ही कोणती वाटणी, असं विचारावंसं वाटलं.

२ मे

दहा दिवस वही काढली नव्हती. लिहायचं तरी काय, सकाळ झाली, खण उघडला, खण लावला. आरशात तीन बाजूंनी तेच तोंड. कुठून कुठेही बघा, भिंतच.

आज दुपारी कणगीत हात घातला. वही वर काढली तर जिल्दीच्या प्लास्टिकमधून काहीतरी खाली पडलं. पितळेची किल्ली, करंगळीएवढी.

म्हणजे ही पोरगी वही वाचत होती. माप शिकायचं होतं म्हणे. तिच्या मनगटावर मी केलेल्या टवाळ्या, माझा हेवा, सगळं वाचलं असणार. अंगाचा तिळपापड झाला. मग किल्ली हातात घट्ट धरली आणि तो विरघळून गेला.

अव्वा घोरत होत्या. खण उघडला. फणी, काजळ, आणि तळाला घातलेला कागद थोडा उचललेला. त्याखाली दोन छापील फॉर्म, कोरे. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी:

"ताई, तुमच्या खणाच्या तळाला अव्वा बघत न्हाईत, माज्या बघतात. जूनच्या तुकडीची शेवटची तारीक १० मे. एकीला एक आन दुसरीला दुसरं आपल्या घरात चालत न्हाई, म्हनून तीन आनले. माजा मी भरला, उरले दोन, तुमचा आन आक्काचा."

मी पलंगावर बसून रडले. आवाज येऊ नये म्हणून तोंडात पदर घातला. आठ वर्षांत ह्या घरात मला पहिल्यांदा काहीतरी मिळालं, जे मी मागितलेलं नव्हतं आणि मला हवं होतं.

३ मे

दहावी पास पाहिजे. आहे. विवाहित चालेल. खरी प्रमाणपत्रं प्रवेशाच्या वेळी दाखवावीत. फोटो लावावा. फोटोपाशी अडलं. स्टुडिओ परभणीत, आणि मी उंबऱ्याच्या आत.

ह्यांना विचारलं. चिठ्ठी दाखवली नाही, फॉर्म दाखवला. पुष्कळ वेळ वाचला. म्हणाले, अव्वा गेल्यावर बघू. अव्वांची तब्येत ठणठणीत आहे. मग म्हणाले, "मी न्हाई म्हनत न्हाई. पर मी हो बी म्हनलं न्हाई, ध्यानात ठेव." माझा नवरा वाईट नाही. लाकडावर बोट वाजवतो, तेवढंच.

आक्का दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. आता आक्का अव्वांना सांगणार, असं वाटलं. हे गेल्यावर त्या आडव्या होऊन आत आल्या आणि विचारलं, कागद कसला. मी सगळं सांगितलं. दोन आहेत, असंही सांगून टाकलं.

दुसरा त्यांनी हातात घेऊन उलटापालटा केला. "ह्यात नाव कुटं लिवत्यात?"

मी दाखवलं. म्हटलं, आक्का, दहावी लागते.

"कुटं धाडायचा न्हाई. नुसतं लिव." मी गीताबाई लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. "गीता न्हवं. त्ये हितलं नाव. सरजा लिव."

पंचवीस वर्षांत ह्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी सरजा लिहिलं, खाली त्यांच्या बापाचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं. त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, फोटो आहे की तुझ्याकडे. दिवाळीचा.

५ मे, सोमवार

दुपारी आक्का माझ्या दारात गहू निवडायला बसल्या. अव्वा उठल्या तर खोकायचं ठरलं होतं. मी ट्रंकेतून फोटो काढला. तिघी एकाच ताग्यातल्या, तिघींचे हात मांडीवर, फोटोवाल्याने सांगितले तसे. कात्री दोनदा फोटोवर धरली आणि दोनदा मागे घेतली. मग म्हटलं, उंची कापून तीन मेजं सारखी केली तेव्हा मी मागे सरले नव्हते.

मधलं डोकं खांद्यापर्यंत कापून काढलं आणि भाताच्या शिताने फॉर्मच्या चौकटीत चिकटवलं. एका बाजूने आक्कांच्या पदराचा काठ आला आहे. घेतील, न घेतील.

आक्का फॉर्मचं पाकीट घेऊन मठात निघाल्या तेव्हा अव्वांनी विचारलं, पदराखाली काय आहे. आक्का म्हणाल्या, "मठात द्यायचं हाय." सावलीला मी पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं, आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा स्थिर होता.

नेहमीपेक्षा उशिरा आल्या. कपाळावर विभूती, चेहऱ्यावर काही नाही. पाटावर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या. अव्वा दळणाला आत गेल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "पडला आत. पोष्टाच्या डब्यात हात घालून बगितला म्या. आता निगत न्हाई."

त्यांचा फॉर्म त्यांनी माझ्या खणात तळाच्या कागदाखाली ठेवला आणि कुलूप स्वतःच्या हाताने लावलं. किल्ली मला परत दिली.

उरलेला फोटो मी मधल्या आरशाच्या फटीत खोचून ठेवला आहे. डावीकडे आक्का, उजवीकडे शिवम्मा, मधे भोक. उद्या सकाळी खण उघडायला अव्वा येतील, तेव्हा त्यांना तो दिसेल आणि त्या विचारतील. मी सांगणार आहे.